परीटघडी

आयेआच्या चढावर, उसाच्या मळ्याला पाठ टेकून
आमची लाँड्री. पत्र्याचं छप्पर, दोन हौद,
आणि खाली, हात लांबवला तर लागेल असं बंदर,
दावणीला बांधल्यासारखी राखाडी जहाजं.
शनिवारी रात्री सदतीस गाठोडी तयार होती,
खलाशांचे पांढरे कपडे, खळ दिलेले,
आईच्या हातची परीटघडी.
बाबा म्हणत, हिच्या घडीनं टोफू कापावा.

प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी.
आईला इंग्रजी वाचता यायचं नाही,
ती माणसं डागांवरून ओळखायची :
मोहरीवाला. शाईवाला.
तो, ज्याची कॉलर डावीकडेच झिजते.
खिशांत राहिलेलं सगळं बिस्किटांच्या डब्यात जायचं,
सुटे सेंट, नाचघराचं अर्धं तिकीट,
एकदा कागदात गुंडाळलेली दाढ.
"सोमवारी येईल न्यायला," आई म्हणाली.
दाढेबद्दल.

रविवारी आठला पाच कमी.
मी दोरीवर चादरी टाकत होते, तोंडात चिमटे.
विमानं इतकी खालून आली
की फुर्तादोबाईंच्या कोंबड्या जमिनीला चिकटल्या
आणि माझ्या भावानं, सेइकिचीनं, हात हलवला.
आतल्या माणसानंही हलवला.
हे आम्ही पुढे कुणाला सांगितलं नाही,
चौकशीला आलेल्यांना नाही,
एकमेकांनाही नाही.

बाबा म्हणाले, सराव आहे.
मग पंखाखालचा लाल गोळा त्यांना दिसला.
तरी म्हणाले,
सराव आहे.

मग खालचं पाणी पेटलं.
पाणी पेटतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
तेलाचा जाड धूर चढ चढून आला
आणि थकलेल्या पाहुण्यासारखा चादरींवर बसला.
आईनं त्या उतरवल्या, पुन्हा हौदात टाकल्या.
आत ये, आत ये, कुणी ओरडत होतं.
ती धूत होती. पाणी काळं, ओतून दिलं.
पुन्हा काळं.

रेडिओ म्हणाला, आपल्यावर हल्ला झाला आहे.
आपल्यावर.
मला तो शब्द आवडला,
चुलीपाशी उभी राहून मी तो दोनदा म्हणून पाहिला.
संध्याकाळी हॅट घातलेले दोघं दारात आले
तेव्हा "आपण" संपलं होतं,
"तुम्ही लोक" सुरू झालं होतं.
बाबा मुलांना जपानी अक्षरं शिकवत,
यादीत नाव यायला तेवढं पुरलं.
जाताना त्यांनी नव्या सदऱ्याची घडी मोडली,
सणाला मोडतात तशी.
बाही नीट दुमडा, आई म्हणाली.
एवढंच म्हणाली.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही.
गुरुवारी एक आला,
दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, भुवया जळलेल्या,
चिठ्ठी दातांत.
आईनं त्याला ओळखलं नाही.
आकड्यावरून मी गाठोडं काढलं : शाईवाला.
तो माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे, परत माझ्याकडे,
जणू आमचे चेहरे त्यानं आणखी कुठे तरी
फार जवळून पाहिले होते.
मग म्हणाला, पैसे वरच्या खिशात आहेत,
तुम्हीच काढा.
आईनं त्याच्या छातीवरच्या खिशात दोन बोटं घातली.
तीस सेंट. मोजून घेतले.
गाठोडं द्यायचं कुठे, ते तिला कळेना.
शेवटी त्याच्या काखेत सरकवलं,
त्यानं ते दंडाने दाबून धरलं
आणि आत कापड चुरगळल्याचा आवाज आला.
तेव्हा आई रडली, चार दिवसांत पहिल्यांदा.
घडी, म्हणत होती, घडी मोडली.
त्याला तिची भाषा कळली नाही.
तो "सॉरी" म्हणाला.

छत्तीस राहिली.
देश लढत होता, सेइकिचीही मग लढायला गेला,
बाबांची पत्रं काळ्या शाईनं पुसून यायची,
आणि आई दर महिन्याला छत्तीस गाठोडी सोडायची,
कपड्यांना ऊन दाखवायची,
आणि त्याच जुन्या रेघेवर दुमडून ठेवायची.

बिस्किटांचा डबा आता माझ्याकडे आहे.
हलवला की वाजतो.